गव्हाणीतलं बाळ

आजीच्या धाकट्या सुनेचं तिसऱ्या खेपेचं मूल जगलं, त्याच वर्षी शाळेच्या नाताळच्या नाटकातलं बाळ बदललं.

तोवर रीत अशी होती, की वस्तीत सगळ्यांत शेवटी जन्मलेलं मूल त्या दिवशी गव्हाणीत निजवायचं. खरंखुरं, रडणारं, दूध ओकणारं. गव्हाणीत निजलेलं मूल तगतं, असं बायका म्हणायच्या. आजीचा मुलगा तिथे निजला होता. सुनेची पहिली दोन मुलं नाताळपर्यंत पोचलीच नव्हती.

नव्या मोठ्या बाईंनी बाहुली आणली. त्यांचंही काही चुकत नव्हतं. गर्दीत तान्ह्या मुलाला बाधतं. धर्माच्या तासाला आता सगळ्याच धर्मांचे धडे होते, वर्गात सगळ्या प्रकारच्या घरांतली मुलं होती, तेव्हा नाटकही सगळ्यांना आपलं वाटेल असं हवं. नाव ठेवलं ‘नवा पाहुणा’. देवदूत काढून टाकले. आजी वर्षानुवर्षं देवदूतांचे पंख शिवत आलेली, मुलं तिला पंखवाली आजीच म्हणायची. पंख पेटीत गेले. आजी फुगून बसली आणि एकाही तालमीला गेली नाही. तिथेच तिचं चुकलं.

नाटकाच्या दुपारी ती पडद्यामागे त्या पेटीवर बसली होती, मांडीवर नातू. सून तिसऱ्या रांगेत जागा धरायला गेली होती. जाताना म्हणाली होती, “आई, जरा सांभाळा. छाती वाजायला लागली तर लगेच हाक मारा.”

छाती वाजतच होती. घरघर ऐकू आली की आजी घाबरायची, आणि थांबली की जास्त घाबरायची.

स्टेजवर अजून कुणी नव्हतं. ती उठली. गव्हाणीतली बाहुली काढून पेटीत पंखांवर ठेवली, झाकण लावलं आणि नातवाला बाहुलीच्या फडक्यात गुंडाळून पेंढ्यावर निजवलं. नाटक तिला पाठ होतं. मेंढपाळ येतात, गुडघे टेकतात, गाणं होतं, पडदा पडतो. बाळाला कुणी हात लावत नाही. पडदा पडला की उचलायचं, सुनेला कळायचंही नाही.

पडदा उघडला. मेंढपाळ आले, पण गुडघे कुणी टेकले नाहीत. एक मुलगी पुढे येऊन मोठ्यानं म्हणाली, “हे बाळ एका घराचं नाही. हे बाळ सगळ्यांचं आहे.” मग मुलं भराभरा पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं रांगेत उभी राहिली. ही रांग कशाला, ते आजीला कळेना. टोकाची दोन पोरं चेंडू झेलायला उभं राहावं तसे हात पुढे करून खिदळत होती.

ते हात पाहिले आणि आजीला कळलं.

योसेफ झालेला बेकरीवाल्याचा मुलगा वाकला. बाहुली उचलावी तसं त्यानं बाळाला एका हातानं, गळ्यापाशी फडकं धरून उचललं.

आजीच्या घशाशी ओरडणं आलं आणि तिनं ते तिथेच दाबलं. ओरडलं तर पोरगा दचकेल. दचकला तर सोडेल. तिनं दोन्ही हातांनी पडदा धरला.

योसेफाचा हात अर्ध्यात थांबला. त्यानं घाईनं दुसरा हात खाली लावला.

“ए, हे जड आहे,” तो मरियेला म्हणाला.

मरियेनं फडक्यात डोकावलं. “अगं बाई. हे खरं आहे.”

“मग आता?”

“आता काय, दे. हळू. मानेखाली हात घाल, आमच्या बाळाला घालतात तसा.” तिनं बाळ घेतलं आणि पुढच्याच्या कानाशी म्हणाली, “जिवंत आहे.”

बाळ पुढे सरकलं आणि ती कुजबूज त्याच्याही पुढे धावली. जिवंत आहे. हळू घे, जिवंत आहे. टोकाचं खिदळणं बंद झालं. बघणाऱ्यांना वाटलं, काय झकास बसवलंय. एका मावशीनं तर डोळे टिपले. गाण्याच्या बाई बाजाची पेटी वाजवत राहिल्या, आणि त्या सुरांखाली आजीला घरघर ऐकू येईना. बाळ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दर वेळी थोडं खाली यायचं, आणि दर वेळी ती पडदा आणखी घट्ट धरायची.

शेवटच्या मुलीला सांगितलं होतं, बाहुली कुणाही बाईच्या हातात दे. तिनं बाळ जवळच्या बाईला दिलं. ती सून होती.

सुनेनं फडकं सारलं. ती ओरडली नाही. तिनं बाळाच्या छातीला कान लावला. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि ती कान काढत नव्हती. मग तिनं मान वर केली आणि थेट पडद्याच्या कडेला पाहिलं.

नाटक संपल्यावर ती मागे आली. तिच्यामागून मोठ्या बाई आल्या, चेहरा पांढराफटक.

“आजी, हातातून सुटलं असतं म्हणजे?”



“आई,” सून म्हणाली, “यापुढे बाळ मी तुमच्या हातात देणार नाही.”

“नको देऊस,” आजी म्हणाली. “छाती वाजतेय ना?”

“वाजतेय.”

“मग नको देऊस.”

सुनेनं शब्द पाळला. आजी पुढच्या वर्षी, नाताळच्या आधी, नोव्हेंबरात वारली. बाळ तेव्हा भिंत धरून चालत होतं.