फळीखालची रेघ

काचेच्या धाग्यांचे थर चिकटवून नवऱ्याने ग्लायडरच्या पंखाची फळी बनवली. उद्या उडणारही तोच, म्हणून तपासणी माझ्याकडे. जेल लावून मी तपासणी मशीनचा प्रोब फळीवर टेकवला. कानाला न ऐकू येणारा आवाज आत गेला, तळाला आपटून परतला. पडद्यावर एक रेघ उठली. मग बरीच लांब दुसरी.

"फळी बोटभरच जाड आहे ना?"

"हो. का गं?"

"काहीतरी हातभर खोलवरून परत येतंय."

"तुझं मशीन म्हातारं झालंय."

मी हात स्थिर धरला. पहिली रेघ, फळीच्या तळाची, जागची हलली नाही. दुसरी मात्र सरकत सरकत तिला येऊन टेकली.

दोघांनी मिळून फळी उलटी केली. कोरड्या तळावर, प्रोब टेकवला होता बरोबर त्याच्या मागच्या जागी, जेलचा ओला गोल ठसा होता. बघता बघता तो नवऱ्याच्या बोटांकडे सरकू लागला.