चंद्रावरची सनई

चंद्रावरच्या वसाहतीत लेकीकडे राहायला आल्यावर पहिल्या दिवसानंतर अंबादास गुरवांनी सनई हातात धरली नव्हती. इथल्या हवेत हेलियम मिसळलेला होता. त्यामुळे सनई पिपाणीसारखी चिरकायची आणि माणसंही तशाच चिरक्या आवाजात बोलायची.

“एकेक सूर वाजवा, अण्णा,” सुलक्षणाने हट्ट धरला. “फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात हवेचा फरक काढून टाकता येतो. मग हेच सूर इलेक्ट्रॉनिक पेटीच्या पट्ट्यांवर बसवून देते.”

अण्णा नाखुशीनेच माइकपुढे बसले. शिष्यांना शिकवायच्या सवयीने ते आधी सुराचं नाव घेत आणि मग फुंकत.

दुरुस्ती झाल्यावर सुलक्षणाने पहिला तुकडा लावला. स्पीकरमधून अण्णांचा “सा” आला. भरदार, किंचित घोगरा. लहानपणी देवळाच्या पायरीवरून तिला घरी बोलावणारा तोच आवाज. मागोमाग सनई घुमली.

“हीच माझी सनई,” अण्णा हरखून म्हणाले. “आता मधलं माझं बोलणं तेवढं कापून टाक.”

सुलक्षणाने डोळे पुसले आणि माइक पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

“ते राहू दे, अण्णा. आधी मला एकदा नावाने हाक मारा.”