मागणं ऐकण्याआधी

अबू शाहिरांनी कॉफीचा कप ओठांना न लावता खाली ठेवला. मागोमाग बरोबरच्या म्हाताऱ्यांनीही ठेवले. सगळ्यांत शेवटी हायिलनं ठेवला, आणि ठेवताना दोन थेंब गालिच्यावर सांडले.

मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुण्यानं कॉफी प्यायची नाही. मुलीला मागणी असो की खुनाची तडजोड, मादबा गावात असंच चालतं. पण बँकेच्या कर्जासाठी वडीलधारी माणसं घेऊन कुणाच्या दारात गेलेला हायिल पहिलाच. कल्पना त्याची नव्हती, त्याच्या या चुलतकाकांची, अबू शाहिरांची.

"तू तोंड उघडायचं नाहीस," त्यांनी गाडीतच बजावलं होतं. "तुझ्या टायरच्या दुकानाचे चेक वटले नव्हते, सगळ्या गावाला माहीत आहे. पैसे फेडलेस, कबूल. पण बँकेत नाव काळं ते काळंच."

म्हणून बँकेनं हायिलला एकच वाट ठेवली होती. स्वच्छ नावाचा जामीन आणा आणि घराचं कर्ज घेऊन जा. दोन खोल्या, वर गच्ची. घराचा मालक उद्या दुपारपर्यंत थांबणार होता, पुढचं गिऱ्हाईक तयारच होतं. हायिलच्या बायकोनं, नजवानं, तर पडद्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

आणि अख्ख्या मादबात हाजी मिफ्लेहांपेक्षा स्वच्छ नाव कुणाचं असणार, सांगा!

"हाजी," अबू शाहिरांनी सूर लावला, "तुमच्या दारी आलेला माणूस आजवर कधी रिकाम्या हातानं..."

"प्या हो, प्या!" हाजी हसत म्हणाले. "दिलं! जे मागायला आलात ते दिलं. कॉफी गार कशाला करताय?"

काय माणूस! कशासाठी आलात, एवढंसुद्धा विचारलं नाही. सगळ्यांनी कप उचलले. हायिलचे तर डोळेच भरून आले.

"हं, आता सांगा," हाजी मांडी बदलत म्हणाले. "मुलगी कुणाची? कुणाकडे शब्द टाकायचाय?"

"मुलगी नाही हो, घर. हायिलला बँकेत जामीन राहायचंय तुम्ही."

हाजींचं हसू जागच्या जागी थिजलं. बोटांतली जपमाळ थांबली.

"जामीन? मी?" ते म्हणाले. "अरे, मला बँकेचा दरवानसुद्धा आत सोडत नाही."

म्हातारे खो खो हसले. हाजींची थट्टा करायची सवय सगळ्यांना ठाऊक होती. पण हाजी हसत नव्हते, तेव्हा एकेकाचं हसू विरत गेलं.

"एकेकटे येऊन इथेच बसले सगळे," हाजी म्हणाले. "कुणाची टॅक्सी, कुणाचं दुकान, कुणाच्या पोराचं शिक्षण. मी आपलं दिलं, दिलं म्हणत जामीन राहत गेलो. त्यांनी हप्ते बुडवले, बँकेनं मला धरलं. हे घर पुढच्या महिन्यात लिलावात निघतंय."

हायिलच्या पायांखालची जमीनच सरकली. गावातला सगळ्यांत मोठा दिवाणखाना हा, आणि तो चालला? गावात कुणाला गंधही नव्हता!

"पण शब्द दिलाय," हाजी एकदम ताठ बसत म्हणाले. "उद्या येतो मी बँकेत. सही करतो."

"काका, तुमची सही नाही हो चालणार," हायिलला राहवलं नाही.

"न चालू दे. मी करतो."

अबू शाहिर मात्र हार मानणाऱ्यातले नाहीत. त्यांना आठवलं की हाजींच्या बायकोनं, उम्म राकाननं, मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण म्हणून जन्म काढला. पेन्शन पक्की, नाव कोरं करकरीत. त्यांनी पुन्हा घसा खाकरला आणि तोच सूर लावला. "हाजी, मग तुमच्या घरातून, उम्म राकानकडून..."

"दिलं," हाजी म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

आतलं दार उघडलं. उम्म राकान दारात उभी होती. म्हाताऱ्यांनी नजरा खाली वळवल्या.

"मी इथे आहे," ती म्हणाली. "मला विचारा की."

अबू शाहिर छताकडे बघू लागले. नवऱ्यांपुढे, बापांपुढे, शेखांपुढे त्यांनी मोठमोठी मागणी मांडलेली. बाईपुढे सुरुवात कशी करायची, ते काही त्यांना सुचेना. शेवटी हायिलच उठला.

"काकू, राहाल का मला जामीन? उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे हो. एकही हप्ता चुकवणार नाही, अल्लाशप्पथ."

"तू चुकवणार नाहीस, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "नजवा माझ्याच शाळेतली. गुणाची पोर आहे."

हायिलचा जीव भांड्यात पडला.

"पण नाही, बाळा. आम्हाला आता भाड्याचं घर शोधायचंय. माझी पेन्शनच तेवढी उरलीय आमच्याकडे. नाही."

आवाज चढला नाही, की तिनं मान खाली घातली नाही. हायिल तसाच उभा राहिला. नजवाला काय सांगायचं, याखेरीज त्याच्या डोक्यात काही येत नव्हतं. अबू शाहिर जोडे शोधायला लागले आणि दुसऱ्याचेच पायात घालू लागले.

हाजींचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ते आ वासून बायकोकडे बघत होते.

"असं म्हणता येतं?" त्यांनी विचारलं.