पाहुण्यांचा सोफा

चिंचवडच्या दुकानातून आणलेल्या सोफ्यावर केसरबाईनं वर्षभर कुणाला बसू दिलं नाही. पाहुण्यांसाठी राखलेला सोफा तो! कंपनीतून दमून आलेला तिचा नवरा साहेबरावसुद्धा सतरंजीवरच टेकायचा. तेराव्या महिन्यात मुलीला बघायला मोशीचे पाहुणे आले. मुलाचा मामा ऐटीत बसला, सोफ्याचा पाय मोडला आणि मामा आडवा झाला. सोयरीकही तिथंच बारगळली.

"गॅरंटी वर्षाची होती, भाऊ. संपली ती," दुकानदार साहेबरावला म्हणाला.

"आवो, पन वर्षभर कुनी बसलंच न्हाई त्याच्यावर!"

"मग बसायचं होतं की! त्यात माझी काय चूक?"

साहेबरावनं ओव्हरटाइम बुडवून चार खेपा घातल्या, भर गिऱ्हाइकांत आवाज चढवला, तेव्हा कुठं सोफा बदलून मिळाला, पुन्हा वर्षाच्या गॅरंटीसकट. घरी आणल्या आणल्या तो हुश्श करून त्यावर बसला. तेवढ्यात शेजारच्या आडदांड भिमाबाईला हाताला धरून केसरबाई आत आली.



"अवो, उठा तुमी! तुमच्या वजनानं काय व्हतंय? मोडायचा तर गॅरंटीतच मोडू दे. भिमाबाई, बसा, चांगल्या दाबून बसा!"