आठ खापऱ्या

सहाव्या खापरीवरही गेस्केबाईंचंच नाव निघालं.

नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावच्या वाचनालयामागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी भरणारं ग्रीक वाचनमंडळ सत्तावीस वर्षांपूर्वी बाईंनीच सुरू केलं होतं. ‘आपण सगळे युरोपीय ग्रीकांचं खाऊन मोठे झालो’, असं त्या भेटेल त्याला ऐकवत. जुन्या अथेन्सची ही चालही त्यांचीच हौस. वर्षातून एकदा कुंडी फोडायची, प्रत्येकानं एका तुकड्यावर गुपचूप एक नाव कोरायचं. निम्म्याहून जास्त तुकड्यांवर ज्याचं नाव, त्यानं वर्षभर मंडळाची पायरी चढायची नाही. आजवर कुणाला दोनाहून जास्त मतं पडली नव्हती. बाई स्वतः तर दरवर्षी कॉफीयंत्राचं नाव लिहीत.

यंदा आठ माणसं, आठ खापऱ्या. सातवी कॉफीयंत्रवाली.

बाईंचे कान तापले. त्यांनी चष्मा पुसला, त्या सहा खापऱ्या ओळीनं मांडल्या, आणि त्यांच्या जिवात जीव आला. सगळ्यांवर अक्षर एकाच हाताचं होतं! म्हणजे सहा जण नव्हेत, एकाचीच लबाडी. अथेन्समधल्या एका विहिरीतही मोजक्याच हातांनी लिहिलेल्या ढीगभर खापऱ्या सापडल्या होत्या, हे मंडळाला त्यांनीच शिकवलेलं. आणि हा हात त्यांनी झोपेतही ओळखला असता. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा वीब्रन पहिलं ग्रीक अक्षर त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून गिरवायला शिकला होता.

“लबाडा! खाल्ल्या घरचे वासे मोजलेस ना?”

वीब्रन टेबलावरचे कुंडीचे कण गोळा करू लागला.

“त्याला नका बोलू, बाई,” ऐंशीची रिम्के म्हणाली. “आम्हीच लिहून घेतलं त्याच्याकडून. आमची अक्षरं तुम्ही लगेच ओळखली असतीत.”

“सहाही जणांनी?”

“एकेका ओळीवर तीन-तीन आठवडे बसवता, वर परीक्षा घेता. मरायच्या आधी एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचू द्या की! भाषांतर शेजारी ठेवून का होईना.”

बाकीचे कॉफीसोबत आणलेल्या केककडे बघत होते. चोर एकटा वीब्रनच निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

टेबलावर शेवटची खापरी अजून उपडीच होती. वीब्रननं ती सुलटी करून त्यांच्यापुढे सरकवली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“ही माझी. मी तुमच्याविरुद्ध मत दिलेलं नाही, बाई. देवाशप्पथ.”

बाईंनी कोट चढवला, बटणं लावली.

“यांना मी नको होते, वीब्रन, ते मला कळतं. पण तुला तर मी हवी होते. आणि तरी माझं नाव सहा वेळा कोरलंस.”