अकरा नंबरची जागा

सातवा चेंडूही रेघेबाहेर जाऊन मैदानाच्या भिंतीवर आदळला आणि त्याच्यामागं धावलेला सातवा उमेदवार गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला.

"ह्यालाबी नाही गावला," रणधीर चेहरा पाडून म्हणाला.

गुडघा गेल्यामुळं चौदा वर्षांनी तो तालमीच्या फुटबॉल संघातून बाहेर पडत होता. पुढच्या सीझनला त्याच्या जागी, डाव्या कडेनं पळणारा अकरा नंबरचा नवा खेळाडू शोधायचा होता, आणि पळणाऱ्यांसाठी लांब चेंडू मारायचं काम कोच आप्पांनी त्यालाच दिलं होतं. तो ते फार मन लावून करत होता. प्रत्येक चेंडू माणसाच्या आवाक्याच्या चार पावलं पुढं पडेल, एवढीच काळजी घेत होता.

"मॅचमधी कोण हळू मारतंय व्हय?" कुणी विचारायच्या आधीच तो सांगून टाकत होता.

आठवा आला तो दूध डेअरीतला एक सडपातळ कामगार. रणधीरनं दुखऱ्या गुडघ्याला न जुमानता चेंडू हाणला. गड्यानं तो रेघेच्या आत गाठला आणि तिथूनच वळून थेट रणधीरच्या पायात परत धाडला.

रणधीरनं चेंडू पायाखाली दाबला. मग म्हणाला, "आप्पा, ह्यो चुकून जरा हळू बसला."

"तुझ्या आधीचा किसनबी तुझ्या वेळी हेच बोलला हुता," आप्पा वहीत नाव लिहीत म्हणाले. "म्हणून तर चेंडू मारायला जुन्यालाच उभा करतोय आम्ही."