बाहेरची कडी

१९८३ साल. कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात गावातल्याच लेखिकांशी गप्पांचा कार्यक्रम होता. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. इंदुमतीबाईंच्या नव्या कथेवर सगळे खूश होते. त्यात सासरचे सुनेला पेटवून खोलीला बाहेरून कडी घालतात, पण शेजारीण धावत येऊन कडी काढते आणि सून वाचते. "शेवट असा पाहिजे!" म्हणत लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तशा मागच्या रांगेतून जयसिंगपूरच्या एक आक्का उठल्या.

"बाई, तुमची गोष्ट नातीनं मला वाचून दावली. तिची आई, माझी लेक, तुमच्या शेजारीच नांदत हुती. सहा वर्सांमागं जळून मेली. कडी आतनं हुती, असं तुम्हीच पोलिसास्नी सांगितलासा. मग गोष्टीत ती भाईरनं कशी लावलीसा?"

मला रागच आला. "आक्का, ही कथा आहे. लेखिका कल्पनेनं लिहितात. बसा खाली."

"त्यांना बसवू नका," म्हणत इंदुमतीबाईच उभ्या राहिल्या. "कडी बाहेरूनच होती. मीच काढली."

आक्कांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मग माझी पोर का न्हाय वाचली?"

"कथेतली शेजारीण ओरडणं ऐकून कडी काढते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मी ओरडणं थांबल्यावर काढली."